श्वाबेन: नदी गिळणारा डोंगर आणि त्याच्या अंगाखांद्यावरची माणसं

नेकारकाठची (धागाकर्ती)

गेल्या ऑगस्टात मी डोनाऊ नदी चपला घालून, पाय न भिजवता ओलांडली. डोनाऊ म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात घोकलेली डॅन्यूब. दहा देशांतून वाहत काळ्या समुद्राला मिळणारी ती हीच. नैर्ऋत्य जर्मनीतल्या इमेंडिंगेन नावाच्या गावाबाहेर तिच्या पात्रात नुसते पांढरे गोटे होते, मध्ये एखादं डबकं. दोन किलोमीटर मागे मात्र तीच नदी नीट वाहत होती. माझं माहेर आटपाडीचं. आटलेली नदी मला नवी नाही. पण वर पाणी, खाली पाणी आणि मध्येच कोरडं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

झालंय असं की इथला डोंगर चुनखडीचा आहे. श्वेबिश आल्ब त्याचं नाव. साधारण दोनशे किलोमीटर लांब, चाळीसेक किलोमीटर रुंद पठार. उत्तरेकडून पाहिलं तर सरळ भिंतच उभी वाटते, दक्षिणेकडे मात्र हळूहळू उतरत जातं. हे सगळं ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाचा गाळ. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवतं, भेगा रुंदावतात, आत गुहा होतात. डोनाऊ अशा भेगांवरून जाते आणि त्यात बुडते. वर्षातले सरासरी दीडशेच्या आसपास दिवस ती तिथे पूर्ण कोरडी असते.

मग पाणी जातं कुठे? दक्षिणेला बारा किलोमीटरवर आख गावात एक मोठा झरा आहे, आखटोफ. सेकंदाला सरासरी साडेआठ हजार लिटर पाणी देणारा, जर्मनीतला सगळ्यात मोठा. हे पाणी डोनाऊचंच, असा लोकांना संशय होता. १८७७ मध्ये कार्ल्सरूहच्या क्नोप नावाच्या प्राध्यापकांनी नदी बुडते तिथे कित्येक टन मीठ, दहा किलो रंग आणि वासाचं तेल ओतलं. साठ तासांनी आखच्या झऱ्यातून झगझगीत हिरवं, खारट पाणी बाहेर आलं. म्हणजे डोनाऊचं पाणी डोंगराच्या पोटातून आखमध्ये, तिथून बोडेन्से सरोवरात, तिथून ऱ्हाइनमध्ये. एकाच नदीचं थोडं पाणी काळ्या समुद्राला आणि थोडं उत्तर समुद्राला जातं.

आता यावर भांडण झालं नसतं तरच नवल. खालच्या अंगाला टुटलिंगेनचे कारखानदार वुर्टेम्बर्ग राज्यातले. त्याखाली झिगमारिंगेन, तो भाग १८५० पासून प्रशियाचा. आखचा झरा आणि त्यावर चालणाऱ्या गिरण्या बाडेन राज्यात. १९२७ मध्ये वुर्टेम्बर्ग आणि प्रशिया विरुद्ध बाडेन असा खटला राज्यांच्या भांडणांसाठीच्या न्यायालयात उभा राहिला. मथितार्थ असा निघाला की निसर्ग जे करतो ते सगळ्यांनी सोसावं, पण मुद्दाम बुजवाबुजवी किंवा उकराउकरी करून शेजाऱ्याचं नुकसान करू नये. आंतरराष्ट्रीय पाणीवाटपाच्या कायद्यात हा खटला अजून शिकवतात. कृष्णा लवादाच्या बातम्या वाचत वाढलेल्या माझ्यासारखीला हे वाचताना अगदी घरच्यासारखं वाटलं!

आल्बवरच्या माणसांचा खरा प्रश्न मात्र नदीचा नव्हता, घागरीचा होता. पाऊस बऱ्यापैकी पडतो, पण पठारावर थांबत नाही. खाली दरीत झरे खळाळतायत आणि वर दोनशे मीटरवर गाव तहानलेलं. घराच्या छपराचं पाणी हौदात साठवायचं आणि गावाच्या मध्यात चिकणमातीने तळ लिंपलेलं एक तळं असायचं, त्याला 'ह्यूले' म्हणतात. गुरं तिथेच, धुणं तिथेच आणि नड पडली की पिणंही तिथेच. उन्हाळ्यात बैलगाडीवर पिंपं लादून दरीतून पाणी आणायचे. १८७० च्या सुमारास कार्ल एमान नावाच्या अभियंत्याने सुचवलं की दरीतल्या नदीच्याच जोरावर पंप चालवू आणि झऱ्याचं पाणी वर चढवू. गावकऱ्यांनी आधी वेड्यात काढलं. १८७१ मध्ये युस्टिंगेन गावात नळाला पाणी आलं. पुढच्या काही दशकांत अख्खं पठार नळावर आलं. टॉयरिंग्सहोफेनला जुनं पंपघर जपून ठेवलंय. लोक इथे किल्ले बघायला येतात, मी पाहुण्यांना आधी तिथे नेते. नवरा वैतागतो.

आता 'श्वाबेन' म्हणजे नेमकं काय, ते सांगते. सुएबी नावाच्या जमातीवरून हे नाव पडलं. मध्ययुगात या नावाची सरदारकी होती, १२६८ मध्ये तिचा शेवटचा वारस नेपल्सला शिरच्छेद होऊन मेला आणि त्यानंतर श्वाबेन नावाचं एकसंध राज्य कधी झालंच नाही. वुर्टेम्बर्गचे सरदार, उल्म-रॉइटलिंगेन-एसलिंगेन-रोटवाइलसारखी स्वतंत्र शहरं, मठांच्या जहागिऱ्या अशी गोधडी. नेपोलियनच्या धामधुमीत वुर्टेम्बर्गने बरंचसं गिळलं आणि १८०६ मध्ये त्याचं राजेपद झालं. आज या नावाचा सरकारी विभाग आहे, पण तो शेजारच्या बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात), आउग्सबुर्गला! स्टुटगार्टच्या आसपासचे लोक स्वतःला पक्के श्वाबेन समजतात, पण त्यांच्या पत्त्यात तो शब्द कुठेच नाही.

श्वाबेन माणूस म्हणजे कंजूष, कष्टाळू, घर बांधण्यासाठी जन्मलेला, असे विनोद अख्ख्या जर्मनीत चालतात. नऊ वर्षं इथे राहून माझं मत झालंय की हा स्वभाव नव्हे, ही वाटणी आहे. जुन्या वुर्टेम्बर्गमध्ये जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायचे, मुलींनाही. तीन-चार पिढ्यांत शेत रुमालाएवढं. त्यावर पोट भरेना, म्हणून हिवाळ्यात घरात माग, घड्याळं, तराजू, चाकू. त्यातून पुढे कारखाने. उलट दक्षिणेकडचा ओबरश्वाबेन कॅथलिक. तिथे एकाच वारसाला सगळी शेती, म्हणून मोठे वाडे, ऐसपैस गोठे, सोनेरी नक्षीची चर्चेस आणि कारखाने त्या मानाने कमी. दोन्हीकडे माणसं श्वाबेनच. मग कष्टाळूपणा रक्तात कसा म्हणायचा?

बरंच लांबलं. विचारा, भांडा, भर घाला.

---

शेंगदाणा

पहिला! आता वाचतो.

---

लोणारकर

उत्तम धागा ताई. डॅन्यूबची ही चोरी माहीत नव्हती.

आमच्या गावाच्या नावावरून आयडी घेतलाय, तेव्हा श्वाबेनचं एक देणं मला फेडायलाच हवं. आल्बच्या पूर्व टोकाला, बायर्नच्या हद्दीत, नोर्डलिंगर रीस नावाचा जवळजवळ गोल सपाट प्रदेश आहे. चोवीसेक किलोमीटर व्यास. शंभरेक वर्षं लोक त्याला ज्वालामुखी समजत होते. तिथे एक विचित्र दगड सापडतो, काच मिसळलेला, करडा. त्याला भूशास्त्रज्ञांनी 'सुएविट' नाव दिलं, म्हणजे श्वाबेनचा दगड. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ यांना त्यात कोएसाइट सापडलं. हे खनिज इतक्या दाबाखाली बनतं की तो दाब ज्वालामुखी देऊच शकत नाही. म्हणजे उल्का! सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी पडलेली. नोर्डलिंगेनचं मोठं चर्च याच सुएविटचं बांधलंय आणि त्या दगडात सूक्ष्म हिरे आहेत, डोळ्यांना न दिसणारे. बांधणाऱ्यांना पत्ताही नव्हता.

आमच्या लोणारची कथा तीच. आधी ज्वालामुखी म्हणून गेलं, मग सत्तरच्या दशकात आघाताचे पुरावे मिळाले. फरक एवढाच की लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, पण बेसॉल्टमध्ये. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये इतकं नीट राहिलेलं विवर दुर्मीळ, म्हणून चंद्र-मंगळवाल्यांना त्याचं आकर्षण. रीसमध्ये तर १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर दगड ओळखायला शिकले.

---

शेंगदाणा

वाचलं. हिरे असलेलं चर्च आणि वर काटकसर! हे मला फार आवडलं.

---

बाडेनचा_जावई

धागाकर्तीने एवढं लिहिलं आणि बाडेनला फक्त खटल्यातला आरोपी म्हणून आणलं, हा अन्याय आहे. :) सासुरवाडी फ्रायबुर्गजवळ, त्यामुळे बोलायलाच हवं.

१) बाडेन-वुर्टेम्बर्ग हे एकत्र राज्य २५ एप्रिल १९५२ ला झालं, पण दक्षिण बाडेनने विरोधात मत दिलं होतं. मोजणी अशी ठरवली होती की चारपैकी तीन भागांत बहुमत पुरे. बाडेनवाले कोर्टात गेले, आणि शेवटी १९७० मध्ये पुन्हा मतदान झालं. तोवर लोकांना सवय झाली होती. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, राहू द्या आता. पण सासरे अजून स्टुटगार्टला 'तिकडचं' म्हणतात.

२) कारखान्यांचं सगळं श्रेय श्वाबेनला देऊ नका. कार्ल बेन्झ मानहाइमचा, म्हणजे बाडेनचा. १८८८ मध्ये बेर्था बेन्झ गाडी घेऊन निघाली तीही मानहाइमहून फोर्झहाइमला. सायकलीची आजी १८१७ मध्ये ड्राइसने मानहाइमलाच चालवली.

३) आम्हाला ते 'पिवळ्या पायाचे' म्हणतात. आम्ही त्यांना काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही.

---

नेकारकाठची

@बाडेनचा_जावई, दादा, मान्य मान्य. पण डाइमलर शोर्नडोर्फचा, म्हणजे पक्का श्वाबेन. हा सामना अनिर्णित ठेवू.

ड्राइसच्या सायकलीवरून आठवलं. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आभाळभर पसरली आणि १८१६ मध्ये इथे उन्हाळाच आला नाही. पिकं सडली, ओट महाग झाले, घोडे पोसवेनात. ड्राइसला बिनघोड्याची गाडी त्यामुळेच सुचली असं अनेकजण म्हणतात, पण ते पक्कं नाही. वुर्टेम्बर्गमध्ये मात्र त्या दुष्काळाच्या खुणा पक्क्या आहेत. हजारो लोक घरदार सोडून डोनाऊच्या होड्यांत बसून काळ्या समुद्राकडे, कॉकेशसकडे निघाले. जॉर्जियात त्यांनी वसवलेली गावं होती. रॉइटलिंगेनच्या फ्रीडरिश लिस्टला (पुढे मोठा अर्थतज्ज्ञ झाला) १८१७ मध्ये सरकारने हाइलब्रोनच्या बाजूला पाठवलं, जाणाऱ्यांना विचार की का जाताय म्हणून. उत्तरं सरकारला न आवडणारी होती. कर, कारकुनांचा जाच.

नवीन राजा विल्हेल्म आणि राणी काथारिना (रशियाच्या झारची बहीण) यांनी १८१८ मध्ये एका वर्षात तीन गोष्टी केल्या: होहेनहाइमला शेतीची शिक्षणसंस्था, गरिबांसाठी बचत बँक आणि कानश्टाटला शेतीचा मेळा. तो मेळा आज बिअरच्या तंबूंसाठी ओळखला जातो, पण मैदानाच्या मध्ये फळा-धान्याने सजवलेला खांब अजून उभा करतात. ग्लास हातात घेऊन त्याखाली उभं राहणाऱ्यांपैकी किती जणांना दुष्काळ आठवत असेल कोण जाणे.

---

सदाशिव_पेठी

लेख चांगला आहे, परंतु मुख्य सिद्धांत पटला नाही.

जमिनीचे तुकडे होणं हे कारखानदारीचं कारण असेल तर आपल्याकडे आतापर्यंत प्रत्येक वाडीत घड्याळाचा कारखाना असायला हवा होता. आपल्याकडेही भाऊहिस्से होऊन गुंठ्यांवर आलं. १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. त्यातून माग किंवा तराजू निघाले नाहीत, मुंबईची गाडी निघाली. तेव्हा 'वाटणी झाली म्हणून हुन्नर आला' हे तर्काला धरून नाही. काहीतरी गाळलंय.

---

नेकारकाठची

@सदाशिव_पेठी काका, हा मुद्दा बरोबर आहे. गेले दोन दिवस यावरच विचार करतेय. जमीन तुटली म्हणून माणूस दुसरं काही शोधतो एवढंच मला म्हणता येईल. काय सापडेल हे वेगळ्या गोष्टी ठरवतात. तुमच्या प्रश्नाने मला माझंच वाक्य मागे घ्यावं लागतंय.

गाळलेलं असं:

शाळा. वुर्टेम्बर्गमध्ये १६४९ मध्ये शाळा सक्तीची झाली, मुलींसकट. तीस वर्षांचं युद्ध नुकतंच संपलं होतं, निम्म्याहून जास्त लोकसंख्या गेली होती, तरी. कारण धार्मिक होतं: प्रत्येकाला बायबल वाचता आलं पाहिजे. पण वाचता आलेला माणूस मग हिशोबही वाचतो.

पाद्री. हे जरा गमतीदार आहे. आल्बवरच्या ओन्स्टमेटिंगेन गावात १७६४ मध्ये फिलिप माथेउस हान नावाचा पाद्री आला. रविवारी प्रवचन, बाकी दिवस घड्याळं, गणनयंत्रं, सुटी वजनं न ठेवता माप दाखवणारा तराजू. त्याने गावातल्या पोरांना, शाळामास्तरांना हाताशी धरलं. बालिंगेनच्या त्या पट्ट्यात आजही तराजू बनतात, त्याची सुरुवात या पाद्र्याच्या खोलीतली. त्याची रोजनिशी छापलेली आहे. यंत्रांत मन रमतं, देवाकडे लागत नाही, म्हणून तो स्वतःवर चिडायचा.

आणि सरकार. इथे कोळसा नाही, लोखंड थोडकं, समुद्र लांब. १८४८ मध्ये उद्योगासाठी एक सरकारी केंद्र काढलं. तिथे फेर्डिनांड श्टाइनबाइस नावाचा माणूस होता. तो कारागिरांना परदेशी प्रदर्शनांना पाठवायचा, नवी यंत्रं विकत आणून दाखवायला ठेवायचा, कामगारांच्या रात्रशाळा काढायचा. आजची जर्मन 'काम आणि शिक्षण एकत्र' पद्धत बरीचशी त्यातून आली.

म्हणजे तुकडे जमिनीचे, पण जोडणी बाहेरून. मुंबईची गाडी पकडणाऱ्याला गावाजवळच कोणी असं भेटलं असतं तर काय झालं असतं, यावर मी काही बोलत नाही. काकूंना नमस्कार सांगा.

---

सदाशिव_पेठी

मागे घेतलंत हे आवडलं. इंटरनेटवर असं क्वचित घडतं.

---

पमाकाकू

अगं बाई, खाण्यावर एक ओळ नाही! मी लेकीकडे एसलिंगेनला तीन महिने होते. तिची शेजारीण म्हातारी मला रोज काहीतरी दाखवायची. ते श्पेट्झले करताना बघितलं आणि मी म्हटलं, हा तर आपला सोऱ्या! नुसती मैद्या-अंड्याची पातळसर कणीक, दाबायची सोऱ्यातून उकळत्या पाण्यात. वर आल्या की झाऱ्याने काढायच्या. मी बॅगेतून आणलेल्या माझ्या पितळी सोऱ्याने, शेवेची जाड जाळी लावून करून दाखवल्या. तिचं म्हणणं पडलं, खरी सुगरण फळीवरून सुरीने खरवडून पाण्यात पाडते, सोऱ्या आळशांचा. घ्या! इथेही तेच.

मसूर घालून खातात ते मला फार आवडलं. व्हिनेगर मात्र जरा जास्त.

---

नेकारकाठची

@पमाकाकू, चुकलंच माझं. मसुरीची तर गोष्टच सांगायला हवी. आल्बवर पूर्वी मसूर खूप पिकायचा, कोरड्या दगडाळ जमिनीत तेच येतं. साठच्या दशकापर्यंत पेरा बंद झाला आणि स्थानिक वाण नाहीसा झाला. लाउटराख गावातल्या एका शेतकरी कुटुंबाने पुन्हा मसूर सुरू केला तेव्हा जुनं बी जर्मनीत कुठेच मिळेना. २००६ मध्ये ते सापडलं सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात. मूठभर बी परत आलं, वर्षानुवर्षं वाढवलं, आता दुकानात 'आल्ब-लाइसा' म्हणून मिळतं. महाग आहे. श्वाबेन लोक कुरकुरत घेतात.

माउलटाशेन पण खाल्लेच असणार. करंजीचा चौकोनी भाऊ, आत खिमा-पालक. गोष्ट अशी सांगतात की उपासाच्या दिवसांत मठातल्या साधूंनी मांस पिठात लपवलं, वरून देवाला दिसू नये म्हणून. त्याला बोलीत 'देवाला गंडवणारं' असंच नाव आहे. साबुदाण्याच्या राज्यातून आलेल्या मला हसण्याचा अधिकार नाही.

---

भुर्जपत्र

पुण्याशी एक जुना धागा आहे, तो जोडतो.

मार्टिन हाउग. जन्म १८२७, बालिंगेनजवळच्या ओस्टडोर्फ गावी, साध्या शेतकऱ्याच्या घरी. म्हणजे वर आलेल्या तराजूवाल्या पाद्र्याच्याच पट्ट्यातला. ट्यूबिंगेनला शिकला, आणि १८५९ मध्ये पुण्यात पूना कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला. १८६६ पर्यंत पुण्यात होता. ऐतरेय ब्राह्मणाची संहिता आणि भाषांतर १८६३ मध्ये मुंबईत छापून निघालं. पारशी धर्मग्रंथांवरचे त्याचे निबंधही मुंबईतलेच, १८६२ चे. त्याचं वेगळेपण असं की तो नुसत्या पोथीवर थांबला नाही. यज्ञ प्रत्यक्ष कसा करतात हे त्याने जाणत्या याज्ञिकांकडून समजून घेतलं.

दुसरा रूडोल्फ फोन रोट, जन्म स्टुटगार्ट, १८२१. त्याने ब्योटलिंकबरोबर तो सात खंडांचा प्रचंड संस्कृत कोश केला. तो ट्यूबिंगेनला शिकवायचा. काश्मीरच्या महाराजांकडून आलेली अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची भूर्जपत्रावरची पोथी त्याच्यापाशी होती, ती आता ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. माझा आयडी त्यावरूनच.

---

लोणारकर

@भुर्जपत्र, मसूरही सेंट पीटर्सबर्गहून परत आला आणि हा कोशही तिथेच छापला होता ना? ट्यूबिंगेनकरांनी त्या शहराला नारळ द्यावा.

---

भुर्जपत्र

हो, तिथल्याच अकादमीने छापला. नारळ पक्का.

---

कौलारू

थोडं विषयांतर. आम्हा कोकण-गोव्याकडच्यांच्या घरांवर मंगलोरी कौलं असतात. ती बाझेल मिशनच्या कारखान्यातून आली, १८६५ पासून. मिशनचं ठाणं स्वित्झर्लंडात, पण त्यातले कितीतरी मिशनरी वुर्टेम्बर्गचे, त्याच धार्मिक, हाताने काम करणाऱ्या घरांतले. कन्नडमधलं पहिलं वृत्तपत्र १८४३ मध्ये काढणारा म्योगलिंग ब्राकेनहाइमचा. मल्याळम कोश करणारा गुंडर्ट स्टुटगार्टचा. धर्मांतराबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणा, छप्पर मात्र गळत नाही.

---

नवीन_भरती

नमस्कार. मी सांगलीची, नर्सिंग केलंय, जर्मन भाषेची बी-२ पातळी झालीय, पुढच्या वर्षी स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात रुजू व्हायचंय. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये २०२४ ला मनुष्यबळाचा करार झाला तेव्हापासून आमच्या बॅचमध्ये सगळ्या तिकडेच निघाल्यात. प्रश्न एकच: तिकडची जर्मन समजत नाही असं सगळे घाबरवतात. खरं का?

---

नेकारकाठची

@नवीन_भरती, ये ये, सांगलीकडचं माणूस! पहिले तीन महिने समजणार नाही, हे खरं. या राज्याने १९९९ मध्ये स्वतःची जाहिरात केली तीच मुळी अशी: 'आम्हाला सगळं येतं, शुद्ध जर्मन सोडून.'

तुझ्या कामाचे दोन-चार शब्द आत्ताच लिहून घे. पुस्तकात 'फूस' म्हणजे पाऊल. इथल्या आजोबांचा 'फूस' दुखतो तेव्हा कंबरेपासून बोटांपर्यंत काहीही दुखत असू शकतं. तुला सोपं आहे, आपला 'पाय' तसाच! उत्तरेकडच्या डॉक्टरांची मात्र तारांबळ उडते. 'हेबे' म्हणजे उचल नव्हे, धर. 'टेपिश' मागितला तर गालिचा आणू नकोस, पांघरूण हवंय. 'श्प्रिंगे' म्हणजे उडी नव्हे, पळणं. प्रत्येक शब्दाला 'ले' लागतं: घराचं हॉइसले, पाव लिटर वाइनचं फीर्टेले. आपण 'घरकुल', 'पिल्लू' म्हणतो त्यातला लाड आहे तो.

आणि कौतुकाची वाट बघू नकोस. इथली म्हण आहे की शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. माझे पहिले वरिष्ठ वर्षभर एक शब्द बोलले नाहीत, मी राजीनामा लिहायला बसले होते. नंतर कळलं की ते माझ्यावर खूश होते.

---

अनुस्वार

@नवीन_भरती, आणि 'केअरवोखे' विसरू नकोस. भाड्याच्या इमारतीत दाराला एक छोटी पाटी लटकते. ती तुझ्या दाराला आली की त्या आठवड्यात जिना, दारासमोरचा भाग, तळघराची वाट तू झाडायची-पुसायची. जिना स्वच्छ असला तरी पुसायचा. मी एकदा म्हटलं, कचराच नाही तर काय झाडू? खालच्या आजी म्हणाल्या, झाडू हातात दिसला पाहिजे. शनिवारी सकाळी, लोक घरी असताना. आता मीच नव्या भाडेकरूंवर नजर ठेवतो. बायको म्हणते तुझा पासपोर्ट नको, तुझा झाडू बघून नागरिकत्व देतील.

---

शेंगदाणा

एवढा मोठा धागा आणि रोटवाइलर कुत्र्याचा उल्लेख नाही. निषेध.

---

नेकारकाठची

@शेंगदाणा, घ्या. रोटवाइलच्या खाटकांची गुरं हाकणारा, गाडी ओढणारा कुत्रा तो. पण त्या गावाला जायचं ते फास्नेटच्या (इथल्या कार्निव्हलच्या) सोमवारी. सकाळी आठला काळ्या वेशीतून लाकडी मुखवटे घातलेली माणसं एकामागून एक उड्या मारत निघतात. अंगावर घुंगरांचे पट्टे असे जड की चालणंच कठीण. कोकणातला शिमगा पाहिलेल्याला सांगायला नको.

---

सुरंगी

कोणी त्या हस्तिदंती सिंहाबद्दल लिहिणार आहे का? नृसिंहच की तो!

---

नेकारकाठची

@सुरंगी, नृसिंह म्हणायचा मोह मलाही झाला होता, पण संबंध नाही. तो सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचा. उल्मच्या संग्रहालयात आहे, एकतीस सेंटीमीटर उंच, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला, माणसाच्या धडावर सिंहाचं डोकं. आल्बच्या लोन दरीतल्या गुहेत ऑगस्ट १९३९ मध्ये तुकडे सापडले. काही दिवसांत महायुद्ध सुरू झालं, तुकडे पेटीत पडून राहिले. १९६९ मध्ये कुणीतरी जोडून बघितले तेव्हा कळलं की काय आहे ते. शेजारच्या आख दरीत (झऱ्याची आख वेगळी, ही वेगळी, इथे नावांचीही काटकसर आहे) होले फेल्स गुहेत २००८ मध्ये सहा सेंटीमीटरची स्त्रीमूर्ती आणि गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली. २०१७ पासून या सहा गुहा जागतिक वारसा यादीत आहेत. चुनखडी पाणी धरत नाही, पण हाडं आणि हस्तिदंत चांगले जपते. डोंगराने दिलेली ही एकच गोष्ट फुकट.

---

बाडेनचा_जावई

मी ऑक्टोबरात मुलांना घेऊन तिकडे येतोय. दोन दिवस आहेत. काय बघू? पंपघर सोडून सांगा.

---

नेकारकाठची

पंपघर सोडून सांगायचं तर चेहरा पाडून सांगते.

पहिला दिवस: ब्लाउबॉइरेन. ब्लाउटोफ नावाचा निळा झरा, वीसेक मीटर खोल, निळा म्हणजे दौतीतल्या शाईसारखा. मात्र जोराचा पाऊस झाला असेल तर मातकट दिसेल, आधी बघून निघा. तिथून होले फेल्स जवळ. संध्याकाळी उल्म, मुलांना मनोऱ्याच्या ७६८ पायऱ्या चढवा, रात्री गुपचूप झोपतील. साडेएकशेएकसष्ट मीटरचा हा मनोरा २०२५ पर्यंत जगातल्या चर्चमध्ये सगळ्यात उंच होता, बार्सेलोनाने मागे टाकला. उल्मकरांसमोर हे बोलू नका.

दुसरा दिवस: नोर्डलिंगेन, लोणारकरांच्या नावाने. तटबंदीवरून अख्ख्या गावाला फेरी मारता येते. मुक्काम केलात तर रात्री दहा ते बाराच्या मध्ये चर्चच्या मनोऱ्यावरून रखवालदार दर अर्ध्या तासाने हाळी देतो, ती ऐका.

डोनाऊ कोरडी बघायची तर मात्र ऑक्टोबर बेभरवशाचा, पाऊस लवकर लागला तर पाणी असेल. ऑगस्टात या. आणि सासऱ्यांना आणा. त्यांच्या बाडेनने चोरलेलं पाणी कुठून गेलं ते त्यांना उभं राहून दाखवते.